न कसलेला नट

सुखदेव,

ही गोष्ट सांगायची मी बारा वर्षं टाळली. कधी चार माणसं बसलेली होती, कधी तुझी तब्येत बरी नव्हती, कधी तू इतका खुशीत होतास की विषय काढावासा वाटला नाही. अशी कारणं मी स्वतःला देत आलो. त्यातलं एकही खरं नव्हतं. मला भीती वाटत होती. तुझी नाही. मोहगावच्या शाळेत तुझ्याशेजारी एका टाटपट्टीवर बसलेला मी पुढे मास्तर झालो, आणि तू मला आयुष्यभर त्याच नावानं हाक मारलीस. त्या हाकेत जो मान होता, तो जाईल याची भीती होती.

परवा मोहगावच्या विहारात तुझा पुण्यानुमोदनाचा कार्यक्रम झाला. तुझी संगीता बोलायला उभी राहिली. रडली नाही. म्हणाली, "माझे बाबा आपली चूक लपवत नव्हते. मास्तरकाकांच्या गाडीचा एक नट त्यांच्या हातून कसायचा राहिला होता. बारा वर्षं झाली, पण ते चारचौघांत सांगायचे, की ती माझी चूक होती." लोकांनी माना डोलावल्या. काही जणांनी माझ्याकडे पाहिलं, कौतुकानं. एवढं नुकसान होऊनही मास्तरांनी मैत्री सोडली नाही, असं त्यांच्या चेहऱ्यावर होतं.

त्यानंतर मला बोलायला उभं केलं. मी शाळेबद्दल बोललो, तुझ्या कष्टांबद्दल बोललो, आणि खाली बसलो. कमलावहिनींनी स्वतःच्या हातानं मला खिरीची वाटी दिली. ती मी खाल्ली.

तुझ्या आठवणींची एक छोटी पुस्तिका निघते आहे. माझ्याकडे लेख मागितला आहे. म्हणून हे तुला लिहितो आहे. वाचणार दुसरेच, हे ठाऊक आहे. संगीतानं सर्वांत आधी वाचावं.

तुला आठवत असेलच, पण वाचणाऱ्यांसाठी सांगतो. मी नुकताच रिटायर झालो होतो. पांढुर्णा तेव्हा जिल्हा झाला नव्हता, आपण सगळे छिंदवाड्याचेच होतो. सौंसरला माझ्या अंगणात गाडीखाली तेलाचा डाग पडायला लागला. माझी बायको शांता रोज सकाळी त्यावर राख टाकायची आणि गाडीच्या नावानं बोटं मोडायची. तू आलास, पाठीवर झोपून गाडीखाली सरकलास, बोटाला तेल लावून वास घेतलास.

"मास्तर, क्रँकची सील गेली. टायमिंगच्या बाजूची."

"म्हंजे काय झालं?"

"इंजिनच्या मोठ्या शाफ्टले रबराची गोल सील असते, तेल बाहेर येऊ नये म्हनून. ते कडक झाली. आता तेल येऊन राहिलं आन् सारं टायमिंग बेल्टवर पडून राहिलं. तेल पिऊन बेल्ट फुगते. नुसती सील बदलून भागत नाई, बेल्टबी बदला लागते."

"मंग गाडी तुह्या शेडवर आनू?"

"शेडमंदी तीन ट्रॅक्टर उभे हायेत बाप्पा. रविवारी म्या येतो, तुह्याच अंगणात करू. आन् तू रिटायर झाला न? लय वर्षं पोराइले शिकवलं, आता एक दिवस तू शिक."

त्या रविवारासारखा दिवस मला पुन्हा मिळाला नाही, हेही लिहून ठेवतो. जॅकवर गाडी चढवली, चाक काढलं. पुलीचा मोठा बोल्ट काही केल्या निघेना. तू गाडी वरच्या गिअरमध्ये टाकलीस आणि शांताला ब्रेकवर बसवलंस. ती मांडीवर परात घेऊन अंबाडीची भाजी निवडत बसली.

"वहिनी, ब्रेक दाबून धरजा."

"दाबलाच हाय. तुम्ही दोघं तिकून जोर लावा न! का तोबी मीच लावू?"

"लावा न वहिनी, मास्तरपेक्षा तं जास्तच लागन."

बोल्ट सुटला तेव्हा तू पाना घेऊन मागे पडलास आणि शांताची परात हसण्यानं हलली.

मग पुली निघाली, कव्हर निघालं, आतल्या खुणा जुळवून तू जुना बेल्ट काढलास. तो तेलानं मऊ झाला होता. जुनी सील तू अशी उचकटलीस, की शाफ्टला ओरखडा गेला नाही. शाफ्टवर तिनं बारीक रेघ पाडली होती. तू डोळे मिटून तिच्यावरून नख फिरवलंस. "नवी सील याच रेघीवर बसवली तं पुन्हा गळन. केसभर बाहेर ठेवू, तिचा ओठ कोऱ्या जागेवर चालला पायजे." माझ्याच बोअरवेलच्या पाइपचा एक तुकडा सीलवर धरून तू लाकडी हातोडीनं चारी बाजूंनी ठोकत गेलास. ठोकण्याचा आवाज एका क्षणी बदलला. तू लगेच थांबलास. मला तो बदल ऐकू आला नव्हता. चाळीस वर्षं वर्गात मी विज्ञान शिकवलं, आणि त्या दिवशी मला कळलं की शिकलेला माणूस तू आहेस.

आता तुझी ती रीत सांगायला हवी, कारण सगळं तिच्यावरच घडलं. आमच्या घरी पोळ्याला बैलांची शिंगं रंगवून झाली की उरलेला लाल रंग तू डबीत भरून न्यायचास. कुठलाही नट कसला की त्यावर त्या रंगाचा एक ठिपका. तुझा नियम होता, जो कसेल त्यानंच रंग लावायचा. आणि एकदा रंग लागला, की दुसऱ्यानं त्या नटाला पाना लावून पाहायचं नाही. तुझ्या शेडवर जे कोणी काम करून गेले, ते सगळे हा नियम पाळायचे. रंग लावणं म्हणजे त्या माणसानं आपला शब्द देणं होतं.

बेल्टला ताण देणाऱ्या चाकाचा नट तू हातानं बसवलास. इंजिन पान्यानं हळूहळू दोन फेरे फिरवलंस, खुणा पुन्हा जुळल्या. मग पाना माझ्या हातात दिलास.

"हा तू कस, मास्तर. कसल्यावर रंग लावजो. म्या हात धुवून येतो."

तू मला रंग लावायला सांगितलंस, सुखदेव. मी हरखून गेलो होतो.

तू मोरीवर गेलास आणि फाटकाशी माझ्या जुन्या शाळेतले एक मास्तर थांबले. "अरे वा सर, इंजिन खोललं की काय?" मी पाना खाली ठेवला. डबीत बुडवलेली काडी हातात घेऊन मी त्यांना क्रँक काय, सील काय, सगळं समजावायला लागलो. अर्ध्या दिवसापूर्वी मला स्वतःला यातलं काही माहीत नव्हतं. काडीवरचा रंग गळायला लागला. तो फुकट जाऊ नये म्हणून मी बोलता बोलता वाकलो आणि नटावर टेकवला. नट नंतर कसू, असं मनात होतं. ते गृहस्थ बराच वेळ थांबले. ते गेले तेव्हा तू हात पुसत येत होतास.

"कसला?"

"कसला."

"पक्का?"

"रंग दिसून नाई राहिला काय तुले? तुहाच नियम हाय न?"

तू हसलास. "बराबर हाय. माह्याच नियमानं मले हानलं." आणि कव्हर उचललंस.

आता जे लिहितो ते कालपर्यंत मी शांतालाही सांगितलेलं नव्हतं. तू कव्हरचे बोल्ट लावत होतास तेव्हाच मला शंका आली होती. पाना उचलल्याची आठवण माझ्या हातांना नव्हती. नुसतं "थांब" म्हणायचं होतं. पाच मिनिटांचं काम होतं. पण मी नुकताच तुझ्यावर खेकसलो होतो. आता थांब म्हणायचं म्हणजे मघाशी खोटं बोललो हे कबूल करायचं. मी गप्प राहिलो. गाडी चालू झाली, इंजिन गोड वाजलं, आणि मी स्वतःला समजावलं की कसलाच असेल.

हातानं लावलेला तो नट तीन आठवडे टिकला.

त्या दिवशी गाडीत विनायकभाऊ होते. शांताचे थोरले भाऊ, पांढुर्ण्याचे संत्र्याचे व्यापारी. त्यांच्या मालाच्या गाड्यांची देखभाल तुझ्याकडे द्यायची असं जवळजवळ ठरलं होतं. मीच शब्द टाकला होता. तुझं मोहगावचं शेड आडबाजूला होतं. बाराही महिने चालेल असं काम हाती असतं, तर तू पांढुर्ण्याच्या रस्त्यावर जागा घेणार होतास. पाटीवर काय लिहायचं हेसुद्धा तू मला विचारून गेला होतास. मी विनायकभाऊंना मुद्दाम माझ्या गाडीत बसवून नेत होतो. इंजिन ऐका, म्हणत होतो.

पांढुर्ण्याच्या अलीकडे, संत्र्याच्या बागा रस्त्याला लागतात तिथे गाडी एकदम बंद पडली. चावी फिरवली तर इंजिन नुसतं हलकं हलकं गरगरत होतं.

"कोनं केलं होतं हे काम?" विनायकभाऊंनी विचारलं.

"सुखदेवनं."

"एकट्यानं?"

एवढाच प्रश्न होता. मी म्हणालो, "हो. म्या तं नुसते पाने देत होतो."

तुला फोन केला. तू मोटरसायकलवर हत्यारं बांधून आलास. कव्हर काढलंस. बेल्ट घसरून खाली लोंबत होता. तो नट बोटानंही फिरत होता, आणि त्याच्यावर लाल रंग तसाच होता. तू त्या नटाकडे पाहिलंस. मग माझ्याकडे. मी बागेकडे तोंड केलं.

विनायकभाऊ वाकून पाहत होते. "रंग तं लावला हाय मस्त. म्हंजे नट ढिला अन् रंग पक्का. असंच काम करता काय तुम्ही?"

तू उभा राहिलास. हात फडक्याला पुसलेस. "साहेब, माह्या हातून राहिला असन. गाडी म्या दुरुस्त करून देतो."

मी तेव्हाही बोललो नाही. विनायकभाऊंनी इतक्या चटकन विश्वास ठेवला, हेही मला दिसलं. गावात लोकांनी त्याहून चटकन ठेवला. मास्तरांचा शब्द आणि तुझा हात यांत लोक कुणाला खोटं ठरवतील, हे मला माहीत होतं. का, तेही माहीत होतं. आपल्याकडे तुझ्या वस्तीतल्या माणसाची चूक लोकांना आधीपासूनच खरी वाटत असते. त्याच गोष्टीवर मी वर्गात पोरांना किती बोललो असेन! रस्त्यावर माझी स्वतःची पाळी आली, तेव्हा मी लोकांच्या त्याच समजाचा फायदा घेतला.

गाड्यांचं काम दुसऱ्याकडे गेलं. रस्त्यावरची जागाही गेली. पण त्यासाठी मी हे लिहीत नाही. ते सोसायला तू समर्थ होतास. तू मोहगावलाच राहून ट्रॅक्टर दुरुस्त करत राहिलास, घर चालवलंस.

महिन्याभरानं मी तुझ्या शेडवर आलो होतो. बेल्ट सुटल्यानं इंजिनातले वाल्व वाकले होते, ते बदलून, हेड बसवून, माझी गाडी तू पुन्हा उभी केली होतीस. आपण दोघंच होतो. तू खाली पाहत विचारलंस, "मास्तर, एक सांग. तू कसला होता न तो नट?"

रागानं विचारलं असतंस, तर कदाचित मी खरं बोललो असतो. पण तुला खरंच माहीत करून घ्यायचं होतं.

"हो," मी म्हणालो.

मग स्वतःशीच बोलल्यासारखं म्हणालास, "मंग नट बसते त्या स्टडवर तेल राहिलं असन. म्या पुसलं होतं, पन राहिलं असन. नाईतं कसलेला नट तीन आठवड्यात कायले सुटन?"

त्या क्षणी मी तुझं काय घेतलं, ते मला नंतर हळूहळू दिसत गेलं. तू टायमिंगचं काम पुन्हा घेतलं नाहीस. कुणी आलं तर "नागपूरले घेऊन जा" सांगायचास. स्वतः कसलेला, स्वतः रंग लावलेला नट तू पुन्हा पान्यानं तपासायचास. जेवताना ताटावरून उठून ट्रॅक्टरपाशी जाऊन येताना मी तुला पाहिलं आहे. कमलावहिनी चिडायच्या, "कितीदा पाह्यता तेच ते? तुमचा स्वतःवर भरोसा नाई काय?" तू ते हसण्यावारी नेत होतास. मी भाकरी मोडत बसलो होतो.

आणि संगीता. बारावीनंतर तिला आयटीआयला जायचं होतं, मोटर मेकॅनिकला. तिच्या बाजूनं मी तुझ्याशी भांडलो होतो, आठवतं? आपलं शेवटचं मोठं भांडण तेच.

"पोरगी हाय म्हनून नाई म्हनून राहिला काय तू?"

"पोरगी हाय म्हनून नाई, मास्तर. तिले शिकवन कोन? घरी येऊन ते मलेच इचारन. ज्याच्या हाताचा त्यालेच भरोसा नाई, त्यानं पोरीले काय शिकवाव?"

मी ते भांडण तिथेच सोडलं. तुला वाटलं, मला तुझं पटलं. संगीता आज औषधाच्या दुकानात काम करते. चांगली आहे, समाधानी आहे, असं सांगते. पण विहारात माइक खरखरायला लागला तेव्हा तिनं तो उघडून वायर ठीक केली, ते मी पाहिलं. तिचे हात तुझे आहेत, सुखदेव.

तू कधी ओळखलंस का, हे मी स्वतःला खूप वेळा विचारलं. मला वाटतं, नाही. ओळखलं असतंस तर तू मला शिवी दिली असतीस, दोन महिने बोलला नसतास, आणि मग येऊन चहा मागितला असतास. तू मला वाचवायला म्हणून चूक अंगावर घेतलीस, असं मानलं तर मला बरं वाटेल. म्हणूनच ते मी मानत नाही. तू माझ्या शब्दावर विश्वास ठेवलास. मग उरला तो तुझा हात, म्हणून तू त्याच्यावर संशय घेतलास. इतकं साधं आहे ते.

गेल्या महिन्यात तुझा दम वाढल्याचं कळलं आणि मी मोहगावला आलो. येताना गाडीत एकच वाक्य पाठ करत आलो. बोरगावपासून मोठ्यानं म्हणत होतो. तू बाजेवर उशाला टेकून बसला होतास. मला पाहून म्हणालास, "ये बे मास्तर. तेच गाडी आनली काय?"

"तेच."

"तेल गळते काय कुठून?"

"एक थेंब नाई. बारा वर्षांत एक थेंब नाई."

तुला बरं वाटलं. श्वास घेत घेत म्हणालास, "सील चांगली बसली होती मंग. नट तेवढा राहिला माह्या हातून."

याहून सोपी वेळ मला कोण देणार होतं? कमलावहिनी आत होत्या. आपण दोघंच होतो. वाक्य माझ्या जिभेवर होतं. आणि मी काय म्हणालो, तर, "जाऊ दे न सुखदेव, जुनं झालं आता. मनाले लावून घेऊ नको."

मी तुला माफ केलं! गुन्हा माझा, आणि बाजेजवळ बसून मी मोठ्या मनानं तुला माफ केलं. आणि तू माझा हात धरलास. तुझे डोळे भरून आले. "तू लय मोठ्या मनाचा हाय मास्तर," म्हणालास.

चौथ्या दिवशी तू गेलास.

संगीता, तुझ्या बाबांच्या हातून काही राहिलं नव्हतं. ज्यांच्या ज्यांच्या समोर त्यांनी ती चूक स्वतःची म्हणून सांगितली, त्या सर्वांना हे वाचून दाखव. विनायकभाऊंना मी स्वतः सांगून आलो आहे. त्यांनी चहाही विचारला नाही, ते बरोबरच होतं. शांताला काल सांगितलं. ती म्हणाली, "अन् मी बारा वर्षं त्याइले चिडवत होती, की रंग लावा पन आधी कसा." त्यानंतर ती माझ्याशी बोललेली नाही.

सुखदेव, बोरगावपासून मोहगावपर्यंत जे मोठ्यानं म्हणत आलो होतो, ते हे होतं. तुह्या हातात काही खोट नव्हती. तो नट म्या कसलाच नव्हता. तू इचारलं तवा म्या खोटं बोललो, आन् मंग बारा वर्षं खोटंच बोलत राहिलो. मले माफ कर, गड्या.